चौदा महिन्यांची तक्रारदार

नावडे कॉलनीतल्या दीक्षा ओव्हाळ हिने दोन तारखेच्या मंगळवारी नवा लॅपटॉप घेतला, या घटनेची सरकारदरबारी कुठेही नोंद नाही. असण्याचं कारणही नव्हतं. लॅपटॉप नऊशे ऐंशी ग्रॅमचा होता. कंपनीचं नाव फेदरॉन, मॉडेलचं नाव व्हिस्पर. आत पंखाच नसल्यामुळे हा 'जगातला सर्वांत शांत लॅपटॉप' असल्याचं खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं. आणि तो पातळ इतका, की खोकं उघडल्यावर सासूबाई केशरबाईंनी आत डोकावून विचारलं, "ह्यो पुठ्ठा झाला. मशीन कुठंय?"

दीक्षाला तो हौस म्हणून नको होता. बाळंतपणाची रजा, तिला जोडलेली बिनपगारी रजा आणि त्यापुढची साहेबांच्या मेहरबानीची रजा, अशा तिन्ही रजा संपून पंधरा तारखेच्या सोमवारी तिला कामावर रुजू व्हायचं होतं. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत ती ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची. काम घरून, लॅपटॉप स्वतःचा, आणि अट एकच: बैठकीत घरातला आवाज येता कामा नये. तिच्या आधीच्या मुलीच्या बैठकीत दोनदा कुकरची शिट्टी झाली होती. तिसरी बैठक तिच्याशिवाय झाली.

तर दीक्षाने लॅपटॉप उघडला. पलीकडे चौदा महिन्यांची मैत्री चमच्याने डबा बडवत होती. तिने चमचा टाकला, दोन्ही हात कानांवर आपटले आणि भोकाड पसरलं.

"पोट दुखत आसंल लेकराचं," केशरबाई म्हणाल्या. "हिंग लाव बेंबीला."

हिंग आणायला दीक्षा उठली. उठताना तिने लॅपटॉप मिटला. मैत्री गप्प झाली.

"बघ," केशरबाई समाधानाने म्हणाल्या. "हिंग आजून डबीतच हाय, तरी गुण आला."

दीक्षा मात्र काळजीच्या बाबतीत पदवीधर होती. मैत्री जन्मल्यापासून तिने एक वही ठेवली होती. दूध किती, झोप किती, शी कुठल्या रंगाची, सगळं तारीखवार. त्या वहीत आता एक नवा रकाना आला. लॅपटॉप उघडला: रडली. मिटला: थांबली. दोन दिवसांत सतरा वेळा करून पाहिलं, सतराही वेळा तेच. अठराव्यांदा मैत्री गाढ झोपेत असताना उघडला, तर झोपेतच तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

नवरा संघर्ष तळोज्याच्या कारखान्यात नऊ वर्षं कॉम्प्रेसरशेजारी उभा असतो. त्याने लॅपटॉपला कान लावला. "काही नाही गं. मस्त शांत आहे."

"तुला मी मारलेली हाक तरी ऐकू येते का?"

"काय म्हणालीस?"

खुलासा शेवटी शेजारच्या आरिफाच्या सहा वर्षांच्या शायमाने केला. घावनांची ताटली द्यायला आलेली ती पोर दारातच ताटली खाली ठेवून कान झाकून उभी राहिली. "काकी, तुमचा लॅपटॉप शिट्टी का मारतो? टीऽऽऽ करून?"

मग दीक्षाने इंटरनेटवर शोध घेतला आणि तिला बोध झाला. आतल्या बारीकशा सुट्या भागांतून वीज धावली की कधीकधी ते थरथरतात आणि शिट्टी वाजते. ती कधीकधी इतकी बारीक असते, की मोठ्यांच्या कानांना लागतच नाही. लहान मुलांना लागते. म्हणजे लॅपटॉप शांत होता, पण फक्त तीस वर्षांवरच्यांसाठी.

खोक्यावर हेही छापलं होतं, की दहा दिवसांत दोष सिद्ध झाल्यास लॅपटॉप बदलून मिळेल. दहावा दिवस शुक्रवार, बारा तारीख. दीक्षाने फोन लावला.

"कसला आवाज येतो मॅडम? घरघर, खडखड की टकटक?"

"ऐकू येत नाही."

"मग तक्रार कशाची?"

"जो ऐकू येत नाही, त्या आवाजाची."

"असं करतो मॅडम, 'आवाज येत नाही' या प्रकारात नोंदवतो. स्पीकर बदलून देतील. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे."

हे शेवटचं वाक्य दीक्षाने नोकरीत स्वतः चारेकशे वेळा लिहिलं होतं. त्याचा अर्थ तिला ठाऊक होता. म्हणून शुक्रवारी पाच तारखेला मैत्रीला कडेवर आणि लॅपटॉप पाठीवर घेऊन दोन बस बदलत ती थेट वाशीच्या सर्व्हिस सेंटरवर पोचली.

टोकन क्रमांक एकसष्टला पार्थ नावाचा इंजिनिअर होता. त्याने दोन्ही कानांत इअरफोन घातले होते. त्यातला एक काढून त्याने लॅपटॉपला कान लावला. समोर मैत्री छत डोक्यावर घेत होती.

"काही इश्यू नाही मॅडम."

"मिटा."

त्याने मिटला. मैत्री थांबली.

"उघडा."

त्याने उघडला. रांगेतल्या बासष्ट ते सत्तर क्रमांकांनी माना वळवल्या.

"बघितलंत?" दीक्षा म्हणाली.

"बघितलं मॅडम. पण हे बाळ रडतंय. वॉरंटी लॅपटॉपला आहे."

दीक्षाने मोबाइल पुढे केला. त्यात आवाज मोजायचं ॲप होतं. झाकण उघडलं, की पडद्यावरची रेघ खांबासारखी ताठ उभी राहत होती.

"हे ॲप कंपनीमान्य नाही."

"मग कंपनीमान्य काय आहे?"

"कान."

"कुणाचे?"

"माझे," पार्थ संकोचाने म्हणाला. "तीन दिवसांचं ट्रेनिंग झालंय." मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवत तो पुढे म्हणाला, "खरं सांगू? आपल्या दारात एक कुत्रं चार वर्षं झोपायचं. हे मॉडेल आल्यापासून ते समोरच्या बँकेच्या दारात झोपतं. पण कुत्र्याच्या नावाने रिपोर्ट कसा लिहिणार?"

"माझ्या नावाने लिहा."

"तुम्हाला आवाज ऐकू आला?"

"नाही."

"तेच तर! ज्याला ऐकू येतो, त्यानेच तक्रार करायला हवी. नियमच आहे, नाहीतर कुणीही उठून दुसऱ्याच्या त्रासाची तक्रार करेल."

नियम बिनतोड होता. दीक्षाने मैत्रीच्या नावाने अर्ज भरायला घेतला. तक्रारदाराचं नाव: मैत्री संघर्ष ओव्हाळ. व्यवसाय: या रकान्यात 'काही नाही' चालत नव्हतं, म्हणून पार्थने 'स्वयंरोजगार' टाकला. पण लॅपटॉपचं बिल दीक्षाच्या नावाने होतं आणि तक्रार मालकालाच करता येत होती. तेव्हा दीक्षाने शंभराच्या मुद्रांक कागदावर लॅपटॉप मुलीला राजीखुशीने बक्षीस दिल्याचं लिहून दिलं. मैत्रीने तिथेच शाईच्या पॅडवर हात मारला आणि अंगठ्याऐवजी पाचही बोटं उठवली. पार्थने चार बोटांवर काट मारली आणि खाली लिहिलं, 'खाडाखोड मान्य.'

सोमवारी तक्रारदाराचा जबाब झाला. त्यासाठी व्यवस्थापक कुंदन सर स्वतः आले. भाषेचा पर्याय मराठी निवडला होता.

"आवाज सतत येतो की अधूनमधून?" कुंदन सरांनी विचारलं.

"बॅ," तक्रारदार म्हणाली.

"लॅपटॉप पाण्यात पडला होता का?"

तक्रारदाराने सरांचं ओळखपत्र तोंडात घातलं. अहवालात लिहिलं गेलं: 'तक्रारदाराचं सहकार्य समाधानकारक नाही. कंपनीच्या मालमत्तेस ओलावा पोचवला.'

"तिला बोलता येत नाही सर," दीक्षा कळवळून म्हणाली. "रडणं हीच तिची तक्रार आहे. पुढच्या सोमवारपासून मला कामावर रुजू व्हायचंय. ती अशी रडत राहिली तर माझी नोकरी जाईल हो."

"ताई, मीही दोन मुलांचा बाप आहे," कुंदन सर म्हणाले. "मुलं कशावरही रडतात. हिचं रडणं याच लॅपटॉपमुळे आहे की सर्वसाधारण आहे, हे सिद्ध व्हायला हवं. आपण शास्त्रीय चाचणी करू."

शास्त्रीय चाचणी बुधवारी झाली. टेबलावर तीन व्हिस्पर मांडले होते. एक दीक्षाचा, दोन कोरे करकरीत. कुठला कुठला हे मैत्रीला सांगण्यात आलं नव्हतं. पहिला उघडला, मैत्री रडली. दुसरा उघडला, मैत्री रडली. तिसऱ्याचं झाकण पार्थने बोटभर उचललं, तोच ती आईच्या खांद्याला चावली.

दीक्षाला क्षणभर वाटलं, जिंकलो! एक नाही, तिन्ही सदोष निघाले.

कुंदन सर मात्र प्रसन्न हसत होते. "बघा ताई. दोष तुमच्याच लॅपटॉपमध्ये असता, तर तो दोष. तिन्हींत आहे म्हणजे ते कंपनीचं प्रमाण झालं. आता तीन लॅपटॉप एका बाजूला आणि एक मुलगी दुसऱ्या बाजूला. बहुमत कुणाचं? मुलीचे कान तपासून आणा."

कान तपासले. डॉक्टर म्हणाले, "अप्रतिम! इतके तल्लख कान मी बऱ्याच दिवसांत पाहिले नाहीत." त्यांनी तसं प्रमाणपत्र दिलं. आई या नात्याने दीक्षाचा ऊर भरून आला आणि तिथेच तिची बाजू बुडाली.

शुक्रवारी, दहाव्या दिवशी, कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं असताना निकालाचं पत्र हाती पडलं: 'सोबतच्या वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार तक्रारदाराची श्रवणक्षमता उत्पादनाच्या विहित मर्यादेबाहेर असल्याचे निष्पन्न होते. सबब उत्पादन बदलून देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. श्रवणक्षमता वयोमानानुसार घटत असल्याने तक्रारदाराने संयम बाळगावा.'

"संयम? किती वर्षं?" दीक्षाने विचारलं.

"तुम्ही राहता कुठे?"

"नावड्याला."

"आणि मिस्टर?"

"तळोज्यात, प्लांटवर."

"मग काळजीच सोडा," कुंदन सर आपुलकीने म्हणाले. "पोरगी तिथेच मोठी होणार. हॉर्न, भोंगे, डीजे, सगळं आहेच. दोष आपोआप निघून जाईल."

"लॅपटॉपचा?"

"मुलीचा हो."

दीक्षाने मैत्रीच्या कानावर हात ठेवला. असा, की जणू ते कान कुणी जप्त करून नेणार होतं. तिचे डोळे भरलेले पाहून कुंदन सरांनाही कसंसं झालं असावं. ते उठून तिच्यापर्यंत आले.

"ताई, कंपनी इतकी निष्ठुर नाही. तुमची अडचण काय, बैठकीत बाळाचं रडणं ऐकू जाईल. बरोबर? आमचं नवं अपडेट आलंय, 'पार्श्वशांती'. बोलणाऱ्याचा आवाज सोडून बाकी सगळं गाळून टाकतं. टाकून देतो. फुकट."

शनिवार-रविवार दीक्षाने सगळे उपाय करून पाहिले. कापसाचे बोळे मैत्रीने काढून खाल्ले. घरात दुसरी खोली नव्हती, म्हणून केशरबाई तिला घेऊन जिन्यात बसल्या, पण जिन्यात आठ तास कोण बसणार? तासाभराने त्यांच्याच गुडघ्यांनी तक्रार नोंदवली. साहेब असलेल्या स्मिता मॅडमकडे आठवडाभराची मुदत मागितली, तर उत्तर आलं, 'आपली अडचण आम्ही समजू शकतो.' हेही वाक्य मूळचं दीक्षाचंच होतं.

सोमवारी सकाळी दहाला बैठक सुरू झाली. पडद्यावर अकरा चेहरे. दीक्षापासून चार हातांवर, कॅमेऱ्यात न येणाऱ्या भिंतीला टेकून केशरबाई आणि त्यांच्या मांडीवर मैत्री. ती रडत होती म्हणणं कमीच पडेल. ती लालची जांभळी झाली होती, श्वास कोंडत होता, सुटत होता, पुन्हा कोंडत होता. दीक्षा पाणी शुद्ध करायच्या यंत्रांबद्दल बोलत होती आणि प्रत्येक वाक्याला अकरा चेहरे तपासत होती. आता थांबवतील. आता विचारतील.

"दीक्षा," स्मिता मॅडम मध्येच म्हणाल्या.

दीक्षाचा हात झाकणाकडे गेला.

"अगं, तुझं बाळ झोपलंय का? किती गुणी गं! घरात आहे असं वाटतच नाही."

अकरा चेहरे कौतुकाने हसले.

"झोपलंय?" भिंतीकडून केशरबाई कडाडल्या. "ही बया भैरी हाय का काय? लेकरू मरायला लागलंय हितं!"

अकरा चेहरे तसेच हसत राहिले. पार्श्वशांतीने केशरबाईंनाही गाळलं होतं.

"हो मॅडम," दीक्षा म्हणाली. "झोपली आहे."

"छान. तुझं काम पक्कं समज. असं शांत घर असेल तर बाईला कुठं काय अडतं? आणि हो, लॅपटॉप कुठला म्हणालीस? माझ्या बहिणीचं बाळ तीन महिन्यांचं आहे, तिलाही पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय. चालेल ना तिला हा?"

दीक्षाने मैत्रीकडे पाहिलं. मैत्री तिच्याकडेच पाहत होती. दोन्ही तळवे कानांवर होते आणि तोंड उघडं होतं. खरं सांगायचं तर एवढंच म्हणायचं होतं, 'मॅडम, नका घेऊ.' पण मॅडम पुढचा प्रश्न विचारणार, का? आणि त्या 'का'चं उत्तर दिलं, की शांत घर संपलं आणि पक्कं कामही.

"चालेल मॅडम," ती म्हणाली. "काहीच त्रास नाही."

"मग लिंक टाक ग्रुपवर. आणि रिव्ह्यूही लिही नीट, आया वाचतात गं."

दुपारी दीक्षाने रिव्ह्यू लिहिला. पाच तारे दिले. 'लहान मूल असलेल्या घरासाठी अगदी योग्य. माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे.' त्यातलं दुसरं वाक्य खरं होतं. लिहून झाल्यावर तिने लॅपटॉप मिटला, रडून रडून पेंगलेल्या मैत्रीला उचललं आणि जेवणाच्या सुट्टीची उरलेली अकरा मिनिटं तिला छातीशी धरून बसून राहिली.

तो रिव्ह्यू आजही यादीत सर्वांत वर आहे. नऊशे चौदा लोकांना तो उपयुक्त वाटला. लॅपटॉप घेण्याआधी तुम्हीही वाचला असेल. चांगलं केलंत, विचारपूस करूनच घ्यावं.

बाकी तुमच्या घरातलं बाळ हल्ली, विशेषतः तुम्ही कामाला बसलात की, उगाच किरकिर करतं म्हणे. दात येत असतील.