नाव-गाव विचारू नये

पितांबर पाटलांनी आधी दाराला कडी घातली, मग खिडकी लावली, आणि मग हळूच विचारलं, "कोनी दखी तं नही ना ऱ्हायनं?"

"दार लायनं, खिडकी लायनी. आते कोन दखी? मीच शे," त्यांची बायको शोभाबाई म्हणाल्या.

पितांबर हे पिंपरडे गावच्या बोगस बियाणे विरोधी समितीचे अध्यक्ष. गेल्याच आठवड्यात शहाद्याला त्यांचं प्रशिक्षण झालं. फोनवर एक गुपचूप बाजार चालतो, तिथे बंदी असलेलं कपाशीचं बियाणं मिळतं, अशा बाजारापासून सावध राहा, असं एका साहेबांनी दोन तास समजावलं. इतकं छान समजावलं, की बाजार कुठे सापडतो, आत कसं शिरायचं, टोपणनाव कसं घ्यायचं, हे पितांबरांना तोंडपाठ झालं. निंदणीला, म्हणजे तण काढायला, यंदा माणसं मिळत नव्हती. सगळी गुजरातेत गेलेली. आणि या बियाण्याची कपाशी म्हणे तणनाशक मारलं तरी मरत नाही. फक्त अध्यक्षांचं नाव बाहेर फुटलं, तर पद जाणार आणि गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

फोनवर तो बाजार उघडून त्यांनी 'अनोळखी ४७' हे नाव घेतलं. समोर होता 'काळा बिबट्या'. त्याच्या दुकानाचे नियम तीन: नाव विचारू नये, गाव विचारू नये, चेहरा दाखवू नये. पितांबरांच्या छातीत धडधडू लागलं. असं तर लग्नातही धडधडलं नव्हतं, असं ते म्हणणार होते; पण शोभाबाई शेजारीच बसल्या होत्या.

"माल भेटी," बिबट्याने लिहिलं. "उद्या शहादा स्टँड, रसवंतीजवळ. पन पाव्हना, गाव कोनतं?"

"गाव इचारानं नही, असा तुम्हनाच नियम शे."

"नियम शेच. गाव नका सांगा. शेजारनं सांगा."

"म्हसावद."

"आडनाव?"

हे सांगण्यात धोका नव्हता. या भागात पाटील असणं म्हणजे जवळजवळ निनावी असणंच. पितांबरांनी सांगून टाकलं.

"मी बी पाटीलच. मामानं गाव?"

"प्रकाशा."

"मामानं नाव?"

मामाचं नाव विचारू नये असा नियम कुठेच नव्हता. पितांबरांनी लिहिलं, "भटू आबा."

बिबट्याने एकदम लिहिलं, "अरे देवा! भटू आबानी नात मन्हा लहाना भाऊले देल शे! तुम्ही तं सोयरा निंघनात! सोयराले स्टँडवर उभं करू का मी? लोके काय म्हनतीन? घर या, जेवाले. जोडीनं या."

दुसऱ्या दिवशी शोभाबाई नवं लुगडं नेसून, केळ्यांची फणी आणि खण घेऊन तयार.

"अवं, आपुन गुन्हा कराले जाई ऱ्हायनूत!" पितांबर कळवळले.

"मंग? सोयरासघर पहिलाच खेप रिकामा हात जावानं का? गुन्हा काय केळं लिसन करता येत नही?"

बिबट्या आपल्या घराच्या ओट्यावर उभा होता. गमछात फक्त डोळे दिसत होते. पितांबरांनीही तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. शेजारच्या चार ओट्यांवरची माणसं हे कौतुकाने बघत होती.

"अनोळखी सत्तेचाळीस का?"

"काळा बिबट्या का?"

"या, या, बठा! पानी आन वं!"

ताटं वाढली गेली. खापरावरच्या पुरणपोळ्या, आंब्याचा रस. दोघेही तसेच गुंडाळलेले, ताटाकडे बघत बसले. शेवटी बिबट्याची बायको मीनाबाई वैतागल्या. "रस काय गमछावरथीन पेशात? तोंड सोडा!"

तोंडं सुटली. बिबट्याचं नाव भूपेंद्र, हेही मीनाबाईंनीच हाक मारताना सांगून टाकलं. मीनाबाईंचे हात कोपरापर्यंत लाल होते. घरात लग्न असेल, मेंदी असेल, असं पितांबरांना वाटलं.

चौथ्या पोळीनंतर त्यांनी आवाज खाली आणला. "मंग... माल?"

भूपेंद्रने मान खाली घातली. "पाव्हना, तुमले मी देवाव नही."

"कसाले? मी काय पोलीस शे का?"

"पोलीस ऱ्हातात तं दिनं असतं. दुकानमधलं साधं बियानं शे ते." त्याने मीनाबाईंच्या लाल हातांकडे बोट दाखवलं. "ही घर बठीसन रंग लायस. औषध मारं का तन बी मरी नि कपाशी बी मरी. परकाले इकस मी, पन सोयराले कसं फसाडू?" त्याचे डोळे पाणावले. "तुम्ही परवानावाला दुकानमाथून लेवा. पावती मांगा. आजकाल लोके गैरा फसाडतस, पाव्हना."

पितांबर इतके भारावले, की त्यांना पाचवी पोळी नाकारता आली नाही. इतका सरळ माणूस त्यांनी समितीतही पाहिला नव्हता. निघताना त्यांनी भूपेंद्रला जोडीने जेवायचं आमंत्रण दिलं आणि येताना शहाद्यात उतरून, पावती मागून बियाणं घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी तो बाजार पुन्हा उघडला. बिबट्याच्या दुकानाखाली अभिप्रायाची जागा होती. चांगल्या माणसाचं चार लोकांत चांगलं बोलावं, म्हणून त्यांनी शुद्ध मराठीत लिहिलं, "विक्रेता अत्यंत प्रामाणिक. माल बोगस असल्याचे स्वतःहून सांगितले. जेवण उत्तम. पाच तारे."

त्यांनी ते शोभाबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. "अहो, हाई समदा जग वाची! नाव तं नही ना लिखं तुम्ही?"

"मी काय येडा शे का?" पितांबरांनी शांतपणे चष्मा काढला. "नाव कसाले लिखू? खाले नुसता हुद्दा लिखेल शे. अध्यक्ष, बोगस बियाणे विरोधी समिती, पिंपरडे."