हे अकारविल्हे कोण?

दामिनी मडावीच्या पोस्टकार्डाला पुंडलिकरावांनी उत्तर दिलं नव्हतं. कार्ड येऊन सामना होऊन गेला, हंगामही संपत आला, तरी ते टेबलावर तसंच पडून होतं. 'सर, रविवारी आमचा शेवटचा सामना आहे. बापूराव म्हणतात, तळाला राहिलो तर टीम बंद. मग मला गावी जाऊन बाबांसोबत तेंदूपत्ता तोडावा लागेल. तुम्ही बघायला आलात तर बरं वाटेल.'

पुंडलिकराव वर्ध्याच्या एका कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले आणि नालवाडीत राहणारे. दामिनी ही आर्वीपलीकडच्या एका गावातल्या गोमाजी मडावीची मुलगी. शिकत असताना ती खुर्चीखाली चेंडू ठेवून वाचनालयात तासन्‌तास बसायची. आता ती जिल्ह्याच्या महिला व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये आर्वीची कर्णधार होती. व्यावसायिक म्हणजे मुलींना मानधन, बूट आणि सामन्याच्या दिवशी जेवण मिळे. आर्वीपुरतं हे सगळं संत्र्याचे व्यापारी बापूराव करत. सर फोन उचलत नाहीत हे दामिनीला ठाऊक होतं, म्हणून तिने कार्ड टाकलं होतं.

उत्तर लिहायला पुंडलिकराव बसले नव्हते असं नाही. पण 'चि.' लिहावं की 'कु.', इथेच पहिली संध्याकाळ गेली. मग 'यश चिंतितो' लिहिलं आणि खोडलं, कारण संघ हरतच आला होता आणि पोरीला ते टोमण्यासारखं वाटलं असतं. शिवाय बास्केटबॉलमधलं आपल्याला कळतं काय, म्हणून त्यांनी विश्वकोश काढला. त्यातलं टोपलीच्या उंचीबद्दलचं वाचून होईस्तोवर आर्वी शेवटचा सामनाही हरली आणि सहा संघांत सहावी आली. कुठलंही वाक्य त्यांना पुरतं खरं वाटेपर्यंत त्याची वेळ निघून जात असे.

त्याच आठवड्यात शेजारचे अण्णाजी आले. ते लीगचे सचिव होते. साखळी सामने संपले होते. आता सहाही गावांत मोठा फ्लेक्स लागायचा होता: कोणता संघ कितवा आणि प्लेऑफमध्ये कोण. मागच्या वर्षी फ्लेक्सवर 'अंतिम सामना'च्या जागी 'अंत्य सामना' छापून आला होता आणि लोकांनी कोण गेलं म्हणून चौकशी केली होती. तेव्हा या वर्षी फ्लेक्सवरचं मराठी पुंडलिकरावांनीच बघावं, असं कमिटीत ठरलं होतं. अण्णाजींनी एका कागदावर संघांची नावं, जय-पराजय आणि गुण खरडून आणले होते, तेही जसे आठवले तसे.

"सर, हे फक्त क्रमवार लावून द्या," ते म्हणाले. "आकडे टाकजा समोर, एक ते सहा. पहिले चार प्लेऑफमधी. मी पंच आणाले नागपूरले चाललो. तुमी लावलं म्हनजे मले पाहाचं काम नाई."

पुंडलिकरावांना जगातल्या बहुतेक गोष्टींबद्दल शंका असे. दुधात पाणी आहे की आपल्या जिभेत दोष आहे, इथवर त्यांची मजल जाई. पण आयुष्यात एका गोष्टीबद्दल त्यांना कधीच शंका आली नव्हती, आणि ती म्हणजे 'क्रमवार' या शब्दाचा अर्थ. सारी नोकरी त्यांनी तेच केलं होतं. त्यांनी नावं क्रमवार लावली, एक ते सहा आकडे टाकले, समोर जय, पराजय, गुण असे रकाने आखले, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं आणि कागद फ्लेक्सच्या दुकानात दिला.

दुकानदाराची अडचण वेगळी होती. फ्लेक्सवर पुरस्कर्त्यांचे फोटो घ्यायचे होते आणि त्यांच्यातला एकही जण लहान व्हायला तयार नव्हता. शेवटी त्याने जय-पराजयाचे आणि गुणांचे रकाने उडवले. 'क्रमांक' आणि 'संघ' एवढेच दोन ठेवले. खाली लाल अक्षरांत 'पहिले चार संघ प्लेऑफमध्ये'.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई भाजी घेऊन आर्वी नाक्यावरून आल्या त्या पिशवी हातातच धरून उभ्या राहिल्या.

"अवो, तुमची दामिनी पहिली आली."

"कशात?"

"कशात काय? बास्केटबॉलात. नाक्यावर बोर्ड लागला. एक नंबर, आर्वी. हिंगनघाट गेलं शेवटी."

पुंडलिकराव खुर्चीवरून उठले. आनंदाने त्यांचा चष्मा कपाळावर गेला. तक्ता त्यांनी स्वतःच लिहिला होता, पण छापून आला म्हटल्यावर त्यांचाही त्याच्यावर विश्वास बसला. म्हणजे टीम बंद होणार नाही. म्हणजे पोरगी तेंदूपत्त्याला जाणार नाही. मग हळूहळू त्यांना आठवलं की आर्वी पहिली का आहे, आणि ते परत बसले.

तेवढ्यात अण्णाजी फाटकातून आत आले. नागपूरची बस नाक्यावर थांबली होती, तिथेच त्यांनी बोर्ड वाचला होता. त्यांचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला होता.

"सर, काय लावलं तुमी हे?"

"क्रमवार लावलं."

"हिंगनघाट एकही मॅच हारलं नाई, सर. ते शेवटी काऊन?"

"ह शेवटीच येतो," पुंडलिकराव अगदी हळू म्हणाले. "अकारविल्हेनं लावलं मी."

अण्णाजींनी तो शब्द ओठांतल्या ओठांत पुटपुटून पाहिला. मग त्यांनी खिशातून फोन काढला. तो मघापासून वाजत होता.

"हा, कौशल्याबाई... हो जी, पाहून राह्यलो... नाई जी, सरांची चूक नाई. कोनी अकारविल्हे हाय, त्यानं लावलं म्हनते."

पुंडलिकराव हात उंचावून काही सांगू पाहत होते, पण अण्णाजी पाठमोरे होते. बाई फोनवर काय म्हणाल्या हे ओसरीवर सगळ्यांना ऐकू आलं. त्या हिंगणघाटच्या व्यवस्थापक होत्या, शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि त्यांच्या आवाजाला शिट्टीची गरज कधी पडली नव्हती. हा अकारविल्हे कोणत्या गावचा आहे, कमिटीत त्याला कोणी घेतलं आणि तो उद्या सकाळी कुठे भेटेल, एवढंच त्यांना हवं होतं. अण्णाजींनी घाबरून नालवाडीचा पत्ता दिला.

फोन ठेवल्यावर पुंडलिकरावांनी शब्दाचा अर्थ सांगितला. अ, आ पासून ह पर्यंत. अण्णाजींनी तो शांतपणे ऐकला.

"हे आधी सांगता नाई आलं काय सर?"

"तुम्ही विचारलं नाही."

"मले काय मालूम का विचारा लागते ते?"

कौशल्याबाईंना परत फोन करून हे सांगायची हिंमत दोघांचीही झाली नाही. दुपारपर्यंत आर्वीच्या बातम्या यायला लागल्या. बापूराव मृग बहाराच्या संत्र्यांच्या गडबडीत होते. सामने त्यांनी एकही पाहिला नव्हता. फक्त 'कितवा नंबर?' एवढं ते विचारत. त्यांनी चौकात बोर्ड वाचला आणि मुनिमाला खाली उतरवून पुन्हा वाचून घेतला. मुली बिचाऱ्या सांगत होत्या की आपण हरलो. पण या खेळात हरणाऱ्यालाही एक गुण देतात असा नियम आहे, हे बापूरावांना कोणीतरी सांगितलेलं होतं. हरून गुण मिळतात, तर हरता हरता माणूस पहिलाही येत असेल, असा त्यांनी हिशेब मांडला. दामिनीने 'काका, आपण शेवटी आहो' असं तोंडावर सांगितलं, तेव्हा ते कौतुकाने बाजूच्यांना म्हणाले की कप्तान असा नम्र पाहिजे. मग त्यांनी बँड बोलावला, पोरींना संत्र्याच्या गाडीवर उभं केलं आणि चौकात माईक हातात घेऊन सगळ्या गावासमोर जाहीर केलं की ही टीम आपण कधीच बंद करणार नाही. बोर्ड कोणा अकारविल्हेंनी लावला ही खबर, नालवाडीच्या पत्त्यासकट, तोवर आर्वीलाही पोचली होती.

अण्णाजी हे सांगत असताना पुंडलिकराव मनात पुढचं मांडत होते. खरं कळलं की ते जाहीर केलेलं सगळं उलटणार होतं. आणि खरं कळल्याशिवाय प्लेऑफ होणार नव्हते.

रात्रभर त्यांनी दुरुस्तीचा मजकूर मनात जुळवला आणि मोडला. सकाळी ते ओसरीवर येतात तो फाटकाशी एक जीप थांबलेली. कौशल्याबाई उतरल्या, मागून हिंगणघाटच्या चार उंच मुली उतरल्या आणि ओसरीवरचं ऊन एकदम कमी झालं.

"अकारविल्हे कुठं हायेत?" बाईंनी विचारलं.

सुलोचनाबाईंनी आतून चहाचं आधण ठेवल्याचा आवाज केला. अण्णाजी तुळशीकडे बघू लागले. पुंडलिकरावांनी तोंड उघडलं, पण त्याच वेळी रस्त्यावर दुसरी गाडी वळली. संत्र्यांची पेटी, शाल, श्रीफळ आणि बापूराव. मागे दामिनी, मान खाली घालून.

"अकारविल्हे साहेब कोनते?" बापूराव हसत ओसरीवर चढले. "सत्कार कराचा हाय. इमानदार मानूस. आमच्या पोरींची मेहनत कोनीच पाह्यली नाई, यायनं पाह्यली."

"थांबा जरा, भाऊ," कौशल्याबाई म्हणाल्या. "माह्याशी बोलून झाल्यावर उरले तं करा सत्कार."

दोन्ही बाजूंनी माणसं आपल्याकडे बघताहेत हे कळल्यावर पुंडलिकराव आत गेले. ते पळाले असं अण्णाजींना वाटलं. पण ते जाडजूड शब्दकोश घेऊन परत आले, टेबलावर ठेवला, पहिलं पान उघडलं आणि मग शेवटचं. मग ते सांगू लागले. अकारविल्हे हा माणूस नाही. ती नावं लावायची एक रीत आहे. अ आधी येतो, ह शेवटी. म्हणून आर्वी, कारंजा, देवळी, पुलगाव, वर्धा, हिंगणघाट. ही सगळी चूक त्यांची आहे, कमिटीची नाही, आणि पोरींची तर मुळीच नाही.

चार उंच मुलींपैकी एकीने बोटावर मुळाक्षरं मोजली आणि मान हलवली.

"म्हनजे बोर्ड उलटा टांगला असता तं बरोबर होता," कौशल्याबाई सावकाश म्हणाल्या.

"पुरस्कर्त्यांचे फोटो डोक्यावर उभे राह्यले असते, बाई," अण्णाजी म्हणाले.

बापूरावांच्या हातात शाल तशीच होती. ते दामिनीकडे वळले. "म्हनजे आपुन कितवे?"

"मी सांगतलं होतं ना काका. शेवटचे."

बापूराव खुर्चीवर बसले. इतका मोठा माणूस बसला की खुर्ची बोलते, पण त्या वेळी तीही बोलली नाही. दामिनीची बोटं ओढणीचं टोक पिळत होती. पुंडलिकरावांना तिच्याकडे बघवेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं की पुस्तक बंद करावं.

"सर," बापूरावांनी शब्दकोशावर बोट ठेवलं. "या अकारविल्ह्यात आर्वी पहिली हाय, हे पक्कं का?"

"पक्कं."

"पुढल्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही पहिलीच." पुंडलिकरावांचा सच्चेपणा आडवा आला. "अल्लीपूरचा संघ निघाला तर मात्र दुसरी."

"अल्लीपूरचा नाई निघू देत मी," बापूराव म्हणाले आणि विचारात पडले. सगळ्या गावासमोर माईकवरून दिलेला शब्द होता. बँड वाजला होता. माणसाने दिलेला शब्द मागे घेतला तर उद्या बागवान त्याच्या तोलावर विश्वास कसा ठेवतील? हळूहळू त्यांचं कपाळ सैल झालं.

"मंग मी खोटं काय बोललो? आर्वी पहिली, येवढंच मी सांगतलं. कशात, ते कोनी विचारलंच नाई."

"टीम ठेवा, भाऊ," कौशल्याबाई एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या. "तुमी बंद केली तं आमी हारवाचं कोनाले? पाच टीमची लीग नाई चालत. आन् ही पोरगी," त्यांनी दामिनीकडे हनुवटी केली, "आमच्या पोरींच्या डोक्यावरून चेंडू टाकते. मीच मागनार होती तिले तुमच्यापासून."

हे ऐकल्यावर बापूराव ताडकन उठले. मागणारा आला की मालाची किंमत कळते, हे संत्र्याच्या धंद्यात त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं. दामिनी आर्वीचीच राहील आणि टीमही राहील, असं त्यांनी पुन्हा एकदा, या वेळी बिनमाईकचं, जाहीर केलं. शाल कोणाला घालायची हा प्रश्न उरला होता. थोडा वेळ इकडेतिकडे बघून त्यांनी ती शब्दकोशावर टाकली.

दुरुस्तीचा फ्लेक्स संध्याकाळी लागला. गुणांप्रमाणे हिंगणघाट, वर्धा, पुलगाव, देवळी. अण्णाजींनी तो या वेळी स्वतः लावला आणि सरांना नुसता ऱ्हस्व-दीर्घासाठी दाखवला. तरी पहिल्या फ्लेक्सची गोष्ट जिल्हाभर फिरत राहिली. अर्थ फार थोड्यांपर्यंत पोचला, नाव मात्र सगळ्यांपर्यंत. कोणीतरी अकारविल्हे म्हणून माणूस आहे, त्याने हिंगणघाटला बाहेर काढलं, कौशल्याबाईंसमोर उभा राहिला आणि बापूरावांना शब्दात पकडलं. कोणाला भीत नाही म्हणे.

त्या सकाळी जाताना दामिनी फाटकाशी थांबली होती. "सर, मले माहीत होतं अकारविल्हे म्हनजे काय ते. वाचनालयात तुमीच शिकवलं होतं," ती म्हणाली. "बोर्ड पाहूनच समजलं का हे तुमीच लावलं. पन तुमचं नाव मी काकाले सांगतलं नाई." आणि मग फाटक ओढता ओढता, "माह्या कार्डाचं उत्तर नाई आलं अजून."

पुंडलिकराव कार्ड घेऊन बसले. 'चि.' की 'कु.' याचा विचार त्यांनी केला नाही. नुसतं 'दामिनी' लिहिलं. 'प्लेऑफचे सामने पाहायला येतो आहे. तुझा संघ त्यात नाही हे मला ठाऊक आहे, तरी तू माझ्याशेजारी बसून खेळ समजावून सांगावास. टोपलीची उंची मला पाठ आहे. पुढच्या हंगामात आर्वी कशातही पहिली येवो, मी बघायला असेन.' सगळं एका बैठकीत झालं, खाडाखोड न करता, याचा त्यांना एवढा धक्का बसला की त्यांनी कार्ड उलटून पुन्हा पाहिलं.

सहीशी मात्र लेखणी अडली. 'पुंडलिक' हा माणूस अशी पत्रं लिहीत नसे. तो एव्हाना दुसरं कार्ड घ्यायला उठला असता. थोडा विचार करून त्यांनी खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'अकारविल्हे'. चपला घालून कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेले आणि शंका यायच्या आत कार्ड आत सोडलं.