कुरामोचींचा आगाऊ अंत्यविधी

चौतीस वर्षांत एकसष्ट सिनेमे! तलवारबाजी, भुताटकी, रडके कौटुंबिक, समुद्रातला राक्षस. सेइगो कुरामोचींनी काही म्हणता काही सोडलं नव्हतं. तेव्हा स्वतःचा अंत्यविधी म्हणजे तर हातचा मळ, असं त्यांचं मत. जिवंतपणीच अंत्यविधी उरकून घ्यायची टूम क्योतोत आता नवी राहिली नव्हती. पण शवपेटीत स्वतः झोपून वर त्याचं दिग्दर्शनही करणारा गडी हा एकटाच.

"अहो, मेल्यावर तरी दुसऱ्यांना बोलू द्या," बायको फुमिए म्हणाली.

"बोलू देणारच. त्यासाठीच तर मरतोय."

ते खरंच होतं. एकसष्टातला एखादा तरी सिनेमा 'हा फक्त कुरामोचीच करू जाणे' असं कुणीतरी म्हणताना त्यांना ऐकायचं होतं. समीक्षक त्यांना जन्मभर अष्टपैलू म्हणत आले. ज्याचा एकही सिनेमा आठवत नाही त्याला अष्टपैलू म्हणतात, हे त्यांना उशिरा कळलं.

हॉल दोन ते चार घेतला होता. पांढरी शेवंती, उदबत्त्या, मोठा फोटो. पांढरा किमोनो मेलेल्यांसारखा उलट्या पदराने नेसून कुरामोची पेटीत पडले आणि त्यांनी कान टवकारले.

आधी उठला तलवारपटांचा नायक ओबाता. "साहेबांनी आयुष्यभर तलवारच केली. भुताखेतांच्या थिल्लरपणाला कधी शिवले नाहीत."

"थिल्लर?" अकरा सिनेमांत भूत झालेल्या यासुबाई ताडकन उभ्या राहिल्या. "तुमच्या तलवारी बांबूच्या होत्या, ओबाता. मी भर थंडीत गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहायचे, साहेबांसाठी."

"तो भुतांचा कुरामोची वेगळा हो."

"मग राक्षसवाला तिसरा का?" रबरी राक्षसाच्या पोटात बारा वर्षं काढलेला मुरासे मागून ओरडला.

ओबाताने यासुबाईंना खाली बसवायला हात पुढे केला, त्यांनी तो झटकला, आणि उदबत्त्यांचं राखेनं भरलेलं भांडं थेट मयताच्या तोंडावर पालथं झालं.

मयत शिंकलं, उठून बसलं आणि गरजलं, "कट!"

सगळे होते तिथे थिजले. जुनी सवय.

"पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं का, साहेब?" ओबाताने अदबीनं विचारलं.

"नको. सगळे सिनेमे माझेच आहेत." कुरामोचींनी डोळ्यांतली राख पुसली. "एवढंच सांगा, त्यांत माझं असं काय होतं?"

यासुबाई फोटोकडे बघत राहिल्या. शेवटी म्हातारे निर्माते हिदाका काठी टेकत उठले.

"साहेब, तुम्ही एकदाही शूटिंग लांबवलं नाहीत."

"एकदाही नाही," ओबाता म्हणाला.

"पाचच्या ठोक्याला घरी," यासुबाईंनी डोळे टिपले. सगळ्या हॉलचं पहिल्यांदाच एकमत झालं.

कुरामोची मुकाट्यानं परत आडवे झाले. त्यांना फार वाईट वाटलं, पण आता मरून झालं होतं.

जाताना हॉलच्या व्यवस्थापकाने फुमिएला कमरेत वाकून नमस्कार केला. "आमच्याकडे इतकी वर्षं अंत्यविधी होतात, बाई. पण वीस मिनिटं आधी आटोपलेला हा पहिलाच."