पाच नंबर, डावा मोठा

हसुभाऊंना आमच्या कंपनीतल्या एकाही माणसाचं नाव धड येत नसे. पायाचा नंबर मात्र प्रत्येकाचा तोंडपाठ.

"आज आठ-रुंद दिसला नाय कामावर?" असं ते विचारायचे आणि आम्ही निमूट सांगायचो, की बॉयलरवाल्या पाटलांच्या घरी हळद आहे. मोठे साहेब त्यांच्या लेखी 'नऊ-सपाट'. कॅन्टीनवाला 'सात, टाच घासणारा'. आणि मी? रोह्याच्या त्या रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळा सांभाळणारी, एम.एस्सी. झालेली, दोन मुलांची आई, मी होते 'पाच, डावा मोठा'. एकदा भर मीटिंगमध्ये दारातून डोकावून त्यांनी हाक मारली, "ए पाच-डावा, तुजे बूट आले गो!" साहेब गालातल्या गालात हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

हसुभाऊ आमचे स्टोअरकीपर. हातमोजे, चष्मे, हेल्मेट, सगळं त्यांच्याच ताब्यात. पण हेल्मेट मागायला गेलात तर मान वर न करता काढून देणार. बूट म्हटलं की मात्र लाकडी स्टूल पुढं यायचं. आपण स्टुलावर, हसुभाऊ खाली उकिडवे. आपला पाय ते स्वतःच्या गुडघ्यावर घ्यायचे, बुटाच्या टोकावर अंगठा दाबायचे आणि विचारायचे, "काय म्हणतोस रं?"

हे पायाला. आपण भाबडेपणानं "बरा आहे" म्हटलं, की बोट ओठांवर. "तू गप. तुला नाय ईचारलं. तोंड खोटं बोलतं, पाय नाय बोलत."

या वेडापायी लोक त्यांना हसायचे. मी हसत नसे, कारण त्या वेडानंच मला पहिले धड बूट मिळाले. कंपनीत बायका आम्ही दोघीच आणि स्टोअरमध्ये सगळ्यांत लहान बूट सात नंबरचा. वर्षभर मी पुढं कापूस कोंबून बदकासारखी चालत होते. हसुभाऊंनी खरेदी खात्याला इतके अर्ज लिहिले, की शेवटी त्या लोकांनी कंटाळून पाच नंबर मागवला. अर्जात माझं नाव नव्हतंच. "पाच-डाव्याची गैरसोय होते" एवढंच.

स्वतः हसुभाऊ बारा महिने रबरी सपातांत. टाचेला झिजून पापडासारख्या झालेल्या.

तर ही गोष्ट माझ्या ट्रेकिंगच्या हौसेची. कंपनीतल्या आठ-दहा जणांचा एक ग्रुप होता, सुट्टीच्या दिवशी गड चढणारा. पहिल्यांदाच जाणार म्हणून मी ठाण्याला जाऊन खास बूट आणले. काय देखणे बूट! करडा रंग, लाल नाड्या. हसुभाऊंना विचारायचं सुचलं नाही असं नाही. पण म्हटलं, सुट्टीच्या दिवशी तरी माझ्या पायाला आपल्या तोंडानं बोलू दे.

अवचितगड चढताना मी हरणासारखी गेले. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला बोटं बुटाच्या टोकावर आदळायला लागली. बोटं वाचवायला म्हणून पाय तिरका टाकू लागले आणि मेढ्याकडच्या उतारावर घोटा असा मुरगळला, की मला दोघांच्या खांद्यांवरून खाली आणावं लागलं. सहा आठवडे प्लास्टर. नवरा फक्त एवढंच म्हणाला, "झाली का हौस?" त्याचं काही वाटलं नाही. पण ग्रुपचे पुढारी राणेसाहेब भेटायला आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, थंडीत सुरगड करतोय. तुम्ही यायचं हं. खाली खांब गावात थांबून जेवणाचं बघा."

ते मात्र फार लागलं. मला सुरगड चढायचाच होता. माझ्या पायांनी वर आणि माझ्याच पायांनी खाली.

प्लास्टर निघाल्यावर मी सरळ स्टोअर गाठलं. हसुभाऊंनी घोट्याची चौकशी केली नाही. "बूट आण," म्हणाले. दुसऱ्या दिवशी नेले. त्यांनी आत हात घालून चाचपलं, तळ वाकवून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यो बूट नाय गो, सासुरवास हाय. कधी घेतलास?"

"गडाच्या आधल्या रविवारी."

"किती वाजता?"

"सकाळी दहाला असेल."

हसुभाऊंनी कपाळावर हात मारला. "सकाळचा पाय पावणा असतो बाय. गोड बोलतो, सगळ्याला चांगलं म्हणतो. दिवसभर राबला, जरा फुगला, की चारनंतर तो घरचा होतो. मंग खरं बोलतो. आनि मोजे कंचे होते?"

"ऑफिसचेच. पातळ."

"जा. तुज्याशी बोलण्यात अर्थ नाय."

पण आठ दिवसांनी त्यांनीच निरोप धाडला, की संध्याकाळी बाजारपेठेत यायचं, जाड मोजे घेऊन. त्या दिवशी मुद्दाम तीन वेळा मला प्रयोगशाळेतून स्टोअरात बोलावून घेतलं, काही काम नसताना. पाय राबायला हवा ना!

हसुभाऊ येताना दिसले, की रोह्यातला बुटांचा दुकानदार शटर अर्धं खाली ओढायचा. त्या दिवशी आम्ही अर्ध्या शटरखालून आत शिरलो. माझ्या मापाचे सात जोड हसुभाऊंनी सांगून मागवून ठेवलेले होते. प्रत्येक जोड घालून मी माळ्याची शिडी चढायची, उतरायची. माप मोठ्या पायाचं, म्हणजे माझ्या डाव्याचं. टाच आत उचलली गेली की जोड बाद. बोटांपुढं अंगठ्याएवढी जागा नसली की बाद. शेवटी तीन उरले तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या मागून घेतला आणि दुकानाच्या कडप्प्याच्या पायरीवर सरळ ओतला.

"हसुभाऊ, ह्ये दुकान हाय, ओढा नाय!" दुकानदार ओरडला.

"गडावर तुजी पायरी नसणार. शेवाळ असणार," हसुभाऊ शांतपणे म्हणाले आणि मला ओल्या दगडावर उभं केलं.

एक जोड टिकला. तपकिरी, ठोकळ्यासारखा, अगदी गबाळा. मी नाक मुरडलं. हसुभाऊ म्हणाले, "तुला डोंगर चढायचाय का डोंगराला पाय दाखवायचाय?"

एवढ्यावर भागलं नाही. बूट गाडीत तपासायचे होते. मी पेणची आणि हसुभाऊ गडबचे, म्हणजे कासूला उतरणारे. त्यामुळं संध्याकाळची गाडी आमची एकच. दुकानदाराला बजावून आम्ही बूट नेले, उद्या परत नाही आले तर पसंत समजायचं. तळाला मातीचा डाग नको म्हणून दोन्ही बुटांना कापडी पिशव्या बांधलेल्या! अशी मी, एम.एस्सी., डब्यात उभी.

"निडी टेशन गेलं. आता इंजिनाकडं तोंड करून चाल."

मी चालले. एक कोळीण टोपली सावरत म्हणाली, "काय झालाय गो हिला?"

"चालायला शिकतेय," हसुभाऊ गंभीरपणे म्हणाले.

नागोठण्याला गाडीनं ब्रेक मारला. मी दांडा पकडला. हसुभाऊ तिथंच खाली बसले, बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. "काय म्हणतोस रं? आदळलास?"

"नाही आदळला," मी म्हटलं.

"तुला नाय ईचारलं."

पण पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. ब्रेक म्हणजे उतार. ब्रेकला जो बूट बोटं सांभाळतो तो गडावरून माणसाला खाली आणतो, हे त्यांचं शास्त्र.

पुढं दोन आठवडे घरात बूट घालायचे, हा हुकूम. मी बूट घालून भाकऱ्या थापल्या, बूट घालून मुलांचे अभ्यास घेतले. नवऱ्यानं स्वयंपाकघराच्या दारात हात जोडले.

निघायच्या आधी शेवटच्या सूचना झाल्या. नखं काप. उतरताना वरची नाडी घट्ट आवळ. "आनि परत आलीस की बूट धुवायचे नाय. हायेत तसे माज्याकडं आणायचे."

ही अट ग्रुपमधल्या सगळ्यांनाच होती. हसुभाऊ चिखलाचे बूट घरी घेऊन जायचे आणि दुसऱ्या दिवशी लख्ख करून आणून द्यायचे. कुणी म्हणे झीज तपासतात, कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झालाय.

सुरगड मी चढले. खांबला थांबून जेवणाचं राणेसाहेबांच्या मेहुण्यानं पाहिलं. वर पोचल्यावर एका तोफेशेजारी बसून मी चक्क रडले, खोटं कशाला बोलू? आणि उतरताना एकदाही बोट आदळलं नाही. गाड्या लागल्या होत्या तिथं पोचले तेव्हा राणेसाहेब माझ्या बुटांकडं बघून म्हणाले, "कुठून घेतले हो?" पाय जमिनीवर असून तरंगत होते माझे. नवऱ्याच्याही आधी आठवण झाली ती हसुभाऊंची.

म्हणून सोमवारची वाट न पाहता, दुसऱ्याच दिवशी रविवारी, पेढ्यांचा पुडा आणि ते मातकट बूट घेऊन मी गडबला गेले. मला बघून हसुभाऊ भांबावले. "स्टोअरात आणायचे. घरी कशाला आलीस?"

ओट्यावर त्यांची आई बसली होती. ऐंशीच्या पुढची, काटकुळी, डोळे मात्र तल्लख. उजव्या पायाची दोन बोटं नव्हती. पायांपुढं एक घमेलं आणि घमेल्यात माती. तांबडी, काळी, करडी, वेगवेगळी.

माझ्यासमोर नाइलाज झाला म्हणून असेल, हसुभाऊंनी बूट हातात घेतले आणि खिळ्यानं तळातल्या खाचा उकरायला लागले. माती घमेल्यात पडली. म्हातारीनं तो अर्धा पाय उचलून मातीवर ठेवला.

"ह्यो कंचा रं?"

"सुरगड, आये."

"उंच हाय?"

"हाय."

ती पाऊल हळूहळू मातीत फिरवत राहिली.

मग हसुभाऊंनी माझ्याकडं न बघता सांगितलं. आईचा सगळा जन्म मिठागरात गेला, अनवाणी. खारट पाण्यानं तळवे दगड झालेले. मीठ ओढताना समोर रोज डोंगर दिसायचा आणि तिला एकदा त्याच्या माथ्यावर जायचं होतं. पहिल्या पगारात हसुभाऊंनी पेणच्या बाजारातून तिला बूट आणले. सकाळी, अंदाजानं, माप न घेता. अर्धा डोंगर चढल्यावर त्यांना बुटाच्या कडेला रक्त दिसलं.

"चार डाव ईचारलं मी, आये, बरं हाय ना? म्हणे, मस्त हाय."

"मला काय ठाव?" म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "जल्मात पयल्यांदा घातलेले. मला वाटला, बूट आसंच चावतात."

जखम चिघळली. रक्तात साखर होती, ते कुणाला माहीत नव्हतं. दोन बोटं गेली आणि डोंगर राहिला तो राहिलाच.

"हसुभाऊ," मी कसंबसं म्हटलं, "पुढच्या वेळी तुम्ही तरी चला आमच्याबरोबर."

ते खिळा पुसत राहिले. बोलली ती म्हातारी. "ने गो बाय ह्याला. आये गेली नाय तिथं मी कसा जाऊ, म्हणतो. मी काय आडवी पडलेय का वाटंत? माती लय झाली रं. आता डोळ्यानं बघून ये नि मला सांग."

"तुमचा नंबर किती, हसुभाऊ?" मी विचारलं.

अख्ख्या कंपनीचे पाय पाठ असलेल्या त्या माणसानं स्वतःच्या सपातांकडं पाहिलं. "ठाव नाय," म्हणाले.

पाच वाजत आले होते. वेळ बरोबर होती. मी त्यांना ओट्याच्या कडेला बसवलं आणि खाली अंगणात उकिडवी बसले. "नको नको मॅडम, ह्ये काय," ते म्हणू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी मॅडम झाले होते! एरवी वडीलधाऱ्यांच्या पायाला आपण हात लावतो तो नमस्कारापुरता. मी त्यांचा पाय गुडघ्यावर घेतला, तपकिरी बुटांतली माझी जाड मोज्यांची जोडी काढून त्यातला एक ताणून त्यांना चढवला आणि बोटांवर अंगठा दाबला. पाय थरथरत होता.

"काय म्हणतोस रे?" मी विचारलं.

"बरं हाय, बरं हाय," हसुभाऊ घाईघाईनं म्हणाले.

"तुम्ही गप बसा," मी म्हटलं, "तुम्हाला नाही विचारलं."