संयमावर चार शब्द

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या श्रीरंगाचाही बसला नव्हता! रविवारी तो आमच्या गुरुग्रामच्या फ्लॅटवर आला होता. आमची ही, म्हणजे विजयालक्ष्मी, आत पोहे परतत होती. मी म्हटलं, "श्रीरंग, देशोदेशीच्या पाचशे डॉक्टरांनी उभं राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या!"

"शुद्धीवर आलास म्हणून?"

मी दुर्लक्ष केलं.

झालं असं, की शेजारची डॉक्टर केतकी म्हणाली, "काका, आमच्या इंटरनॅशनल सोसायटीची कॉन्फरन्स आहे. हिंदीचे वक्ते ऐनवेळी आजारी पडलेत. उद्घाटनाला चार शब्द बोलाल?"

सरकारी अनुवादात जन्म घालवलेला माणूस मी! विषय काय, हे विचारणं म्हणजे कमीपणा. कार्डावर 'कॉन्टिनेन्स' असं होतं. शब्दकोश उघडला: संयम, इंद्रियनिग्रह. वा! म्हटलं, डॉक्टर लोक सुधारले!

कॉन्फरन्सच्या हॉटेलात कॉफी फुकट. तीन कप ढोसून माइक धरला. मागच्या पडद्यावर गुलाबी फुग्यासारखं काहीतरी होतं. मला वाटलं, कमळाची कळी.

"मित्रो! मैंने जवानी से आज तक रोककर रखा है!"

कानाला यंत्र लावून भाषांतर ऐकणाऱ्या एका जपानी बाईंच्या हातातलं पेनच गळालं.

लखनौचे एक डॉक्टर उठले. "कब से?"

"चालीस साल!"

"बीच में एक बार भी नहीं?"

"बिल्कुल नहीं! दाँत भींचकर बैठ जाता हूँ!"

"और पत्नी?"

"उन्हें भनक तक नहीं लगने दी!"

(इथे स्वयंपाकघरात झारा कढईवर जरा जोरात आपटला.)

"सर, लेट जाइए!" म्हणत दोघं-तिघं सोनोग्राफीचं मशीनच ढकलत स्टेजवर आले! मागून केतकी, चेहरा पांढराफटक.

"काका, कॉन्टिनेन्स म्हणजे लघवीवरचा ताबा! ही सगळी त्याच्यावरच उपचार करणारी माणसं आहेत!"

तो शब्द कानावर पडला मात्र, पोटातले तिन्ही कप खडबडून जागे झाले! साठीनंतर माझा हा ताबा म्हणजे आघाडी सरकार. कधी पडेल नेम नाही. बाथरूम सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला आणि मध्ये या विषयातले पाचशे तज्ज्ञ! त्यांच्यादेखत काही झालं असतं, तर माझी अब्रू थेट आंतरराष्ट्रीय पातळीवर गेली असती.

"मग?" श्रीरंग खुर्चीच्या टोकावर आला.

"मग काय! ताठ मानेनं निघालो. वाटेत एकानं सेल्फी घेतला. एकानं पोटाला कान लावला. जपानी बाईंनी कमरेत वाकून नमस्कार केला, म्हणून मीही वाकलो. वाकलो, श्रीरंग! तरी थेंब नाही! सगळं सभागृह उभं! टाळ्याच टाळ्या! शिस्तीत बाथरूमचं दार उघडलं, शिस्तीत बाहेर आलो. पँटची इस्त्रीसुद्धा मोडली नाही!"

पोह्यांच्या बश्या घेऊन ही बाहेर आली.

"अहो, मग त्या दिवशी हॉटेलच्या पांढऱ्या गाउनमध्ये घरी कसे आलात? गेटवरच्या गार्डनं इंटरकॉम केला होता मला, 'मैडम, कोई बाबाजी आए हैं. पैंट थैली में है, कहते हैं यहीं रहते हैं!'"