अण्णा तळ्यात

"अण्णा, तुम्हाला नळ देता येणार नाही," खिडकीपलीकडची कारकूनबाई म्हणाली. "तुमचं घर तळ्यात आहे."

"कशात?"

"तळ्यात. नवा नकाशा बघा की. टेकडीवर निळं तळं, आणि तुमचं घर बरोबर मधोमध."

अण्णा नगरपालिकेच्या याच कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. 'अण्णांच्या नोकरीला एकही डाग नाही,' असं निरोपाच्या भाषणात अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या आणि ते वाक्य अण्णा दूधवाल्यालाही ऐकवत. पण टेकडीवर पाणी नव्हतं. अण्णांच्या कमरेत उसण, म्हणून खालच्या पंपावरून बादल्या चढवायच्या बायकोने, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी. कालच तिने बादली आपटून सांगितलं होतं, "या महिन्यात नळ आला नाही तर मी चालले बहिणीकडे. तुम्ही बसा तुमच्या डोंगरावर!"

"अहो बाई, दारात तळं असतं तर मी पाणी मागायला कशाला आलो असतो?" अण्णा कडाडले. "तळ्यात-मळ्यात खेळताय का माझ्याशी?"

"तळ्यात नळ द्यायचा नियम नाही, अण्णा. पाहणीसाठी अर्ज करा."

अर्ज झाला, पाहणीला ओव्हरसियर आला. त्याने व्हरांड्यात उभं राहून चारी दिशांना पाहिलं, बुटाने फरशी ठोकली आणि वहीत लिहिलं, 'तळे आढळले. पाणी आढळले नाही.'

"अरे, तळं कुठे आढळलं तुला?"

"नकाशात आहे ना! नकाशाच्या बाहेर मी कसा जाणार?"

अण्णांचं डोकंच भणाणलं. तरातरा कचेरीत जाऊन त्यांनी जुना नकाशा मागितला, ज्यावरून नवा गिरवला होता तो. कारकूनबाईने तो टेबलावर पसरला. टेकडीवर एक तपकिरी वर्तुळ होतं. अगदी गोल, फक्त उत्तरेला बोटभर तुटलेलं. नव्या नकाशात नेमकं तिथेच 'सांडवा' लिहिलं होतं.

अण्णांनी चष्मा पुसून परत पाहिलं. तीस वर्षं हा नकाशा त्यांच्याच टेबलावर अंथरलेला असे. आणि बुडाला टवका उडालेला त्यांचा चहाचा कप अजून घरी होता.

"काही चूक सापडली का?" कारकूनबाईने विचारलं.

"छे," अण्णा पुटपुटले. "तळंच दिसतंय."

घरी येऊन त्यांनी कप कपाटामागे लपवला. बायकोने तो पाच मिनिटांत शोधून काढला. "याने काय गुन्हा केला?"

अण्णांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. "हे बाहेर फुटलं तर माझी अब्रू गेली गं!"

"तीस वर्षं घसा फोडून सांगतेय, बशी घेत जा, बशी घेत जा! तुमच्या डागापायी मी जन्मभर बादल्या वाहू?" तिने पायात चपला सरकवल्या आणि ती निघालीच. अण्णा कंबर धरून मागोमाग, "अगं, ऐक तरी!"

ती थेट अध्यक्षबाईंच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. दारातच अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"काय हो बाई, आमच्या दारात तळं आहे म्हणता ना?"

"आहे. नकाशातच आहे."

"मग ते कोरडं ठणठणीत का? कचेरीचं तळं आटलं तर भरायचं कुणी? मी, बादलीने?"

अध्यक्षबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या ओव्हरसियरला नवा नकाशा उघडायला लावला. तळं नाही म्हणावं तर नकाशा खोटा, आणि नकाशाखाली सह्या दोघांच्या.

आठ दिवसांत टेकडीवर पाइप चढला. 'तळे भरण्यासाठी' म्हणून अण्णांच्या पायरीशी जाडजूड तोटी बसली. दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी कचेरीचा फलकही लागला, 'तळ्यात आंघोळ करण्यास व कपडे धुण्यास सक्त मनाई आहे.'

बायकोने तोटीखाली घरातल्या सगळ्या चादरी धुतल्या, पिळल्या आणि त्या फलकावरच वाळत घातल्या. मग त्याच टवक्याच्या कपात चहा आणून अण्णांच्या पुढ्यात ठेवला. खाली बशी होती.

"प्यायल्यावर कप बशीतच ठेवा," ती म्हणाली. "नाहीतर उद्या आपल्या स्वयंपाकघरात समुद्र यायचा."