लिंबू न फोडणारे टायर

टायर घ्यायचे आहेत? मग दुकानात जाण्याआधी माझ्याकडे या! गाडी कुठे जाणार तेवढं सांगा, डांबर, चिखल, वाळू की दगड, मी उभ्या उभ्या टायर सांगते. हसू नका! साडी नेसणाऱ्या बाईला टायरमधलं काय कळणार, असं आमच्या ह्यांच्यासकट सगळ्या तंजावुरानं म्हणून झालंय.

मी वसुमती. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत राहते. आमचे पूर्वज कधीतरी घोड्यांवरून इथे आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे माझ्या मराठीला तामिळचा वास येईल, सांभाळून घ्या. तिरुवैयारुला आमची नारळाची बाग आहे. नारळ वाहायला चारही चाकांनी ओढणारी पिकअप आहे आणि ती मी चालवते. आमचे हे, म्हणजे सेतुराम, शेजारी बसून ब्रेक दाबतात. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही, तरी दाबतात!

तर झालं असं, की आमच्या लेकीचं, नित्याचं, लग्न ठरत होतं. मुलगा हरिप्रसाद, ओरत्तनाडूच्या पुढे घर, शेती, माणसं लाख मोलाची. पण रस्ता! डांबर संपलं की कालव्याच्या बांधावरून नुसता चिखल. आम्ही पहिल्यांदा बोलणी करायला गेलो, तेव्हा आमची पिकअप त्यांच्या दारापासून हाकेच्या अंतरावर रुतली. होणारे व्याही अनिरुद्धराव धोतरासारखी वेष्टी गुडघ्यावर खोचून चिखलात उतरले आणि त्यांनी आम्हाला ट्रॅक्टरनं ओढून दारात नेलं. मुलीची आई म्हणून माझी पहिली ओळख काय, तर खिडकीतून हात जोडून ओढून आणली जाणारी बाई! त्याच दिवशी मी ठरवलं. साखरपुड्याला जाईन ती स्वतःच्या चाकांवर जाईन!

मग मी अभ्यासाला बसले. रोज दुपारी व्हिडिओ. रस्त्याचे टायर चिखलात पाय धरत नाहीत. निव्वळ चिखलाचे टायर डांबरावर असे घोंगावतात की शेजारच्याशी बोलायची सोय नाही. ह्या दोघांच्या मधले ते ऑल-टेरेन. दोन्हीकडे चालतात आणि वर्षानुवर्षं झिजत नाहीत. त्यातही बाजूची भिंत जाड हवी, काट्या-दगडानं फाटायला नको. खाचा खोल हव्यात.

"सांगू का एक?" हे म्हणाले. "आपण ट्रॅक्टरनंच जाऊ की."

"तुम्ही ब्रेक दाबा!" मी म्हटलं.

शेवटी मी निवडले ते टायर बघून दुकानदारसुद्धा म्हणाला, "अम्मा, डोंगर चढायचाय का?" खाचा इतक्या खोल की माझी दोन बोटं आत जायची! त्यांच्यासाठी नव्या काळ्याभोर डिस्कही, म्हणजे टायर ज्यांच्यावर बसतो त्या लोखंडी चकत्या, घेतल्या. फक्त एक झालं, टायर यायला उशीर झाला आणि ते बसले ते नेमके साखरपुड्याच्या सकाळी. शुक्रवार होता. साडेदहाला राहुकाळ लागणार, मुहूर्त त्याआधीचाच. त्याच्या आत तांबूल, म्हणजे विडा-सुपारीचं ताट, बदललं गेलं नाही, तर पुढे मार्गळीचा महिना लागणार, शुभकार्य बंद. मग थेट पोंगलनंतर! आणि नित्या तर महिनाभर आधीच हातावर मेंदी कुठली काढायची ते ठरवून बसलेली.

नित्यासकट बाकी मंडळी व्हॅननं पुढे गेली होती. डांबर संपेल तिथे त्यांना न्यायला ट्रॅक्टर येणार होता. आमच्या गाडीत फुलं-फळं-साड्यांची अकरा ताटं, मी, हे आणि हिराअत्या. हिराअत्या म्हणजे ह्यांची आत्या. घरातली सगळ्यात मोठी. हे स्थळही तिनंच आणलं. तांबूल तिच्या हातून जायचं, आणि तिच्या गुडघ्यांना ट्रॅक्टर चढवत नाही. म्हणजे बघा, अत्या पोचली नाही तर साखरपुडा नाही!

आता आमच्याकडे नवी चाकं लागली की देवळासमोर गाडी उभी करायची, चंदन-कुंकू लावायचं, हार घालायचा आणि प्रत्येक चाकाखाली एक लिंबू ठेवून गाडी पुढे घ्यायची. लिंबू चिरडलं की दृष्ट गेली. टायरच्या दुकानाशेजारीच पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, छोटं देऊळ. तिथल्या पुजाऱ्यांनी, गुरुक्कळांनी, चार लिंबं ठेवली, चारही टायरांना शेवंतीचे हार घातले, कापूर ओवाळला आणि म्हणाले, "हं, घ्या!"

मी ऐटीत गाडी पुढे घेतली. फट्ट असा आवाज यायला हवा होता. आला नाही.

खाली उतरून बघते तर काय! लिंबू टायरच्या खाचेत जाऊन बसलेलं. अख्खं! हिरवंगार! चारही टायरांत चार लिंबं, पाळण्यात घातल्यासारखी!

"अय्यो!" हिराअत्या ओरडली. "हें काय गे वसू? फुटलंच नाही?"

"टायर चांगले आहेत ना अत्या, म्हणून," मी म्हटलं.

"चांगले? अगे, दृष्ट चाकालाच चिकटून बसली! ती घेऊन व्याह्यांच्या दारात जाणार तू? मी नाही हो बसायची ह्या गाडीत!" आणि ती देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. मांडी घालून!

मग सुरू झालं! हे वाकून बोटानं लिंबं काढू लागले. पुन्हा ठेवली. गाडी मागे घेतली. पावसानं देवळापुढची माती मऊ झाली होती, ह्या वेळी लिंबं मातीत गाडली गेली. वरून टायर गेला, लिंबू जसंच्या तसं! चहाच्या टपरीवरची माणसं ग्लास हातात घेऊन जवळ आली. एकजण म्हणाला, मोठी लिंबं आणा. दुसरा म्हणाला, छे, डांबरावर घ्या. मी डांबरावर घेतली. मोठं लिंबू टायरच्या कडेला दाबलं गेलं आणि सुर्रकन जे सुटलं, ते थेट टपरीपाशी! टपरीवाल्यानं एका हातानं झेललं. सगळे ओरडले, "औट!" टाळ्या पडल्या! मी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

ह्यांनी हळूच एका लिंबावर चप्पल ठेवली. हे किती गरीब वाटतात, पण प्रसंगी लबाडी करतात!

"सेतू! पाय काढ!" अत्या पायरीवरून गरजली. "लिंबू चाकानं फोडायचं! तुझ्या पायाला कुणी वाहन म्हणेल काय रे?"

इकडे नित्याचा फोन. "अम्मा, कुठे आहेस? असकी माणसं बसलीयत!" असकी म्हणजे सगळी, आमच्याकडे तसंच म्हणतात.

"निघालो, निघालो!" मी म्हटलं. एक इंचही निघालो नव्हतो.

गुरुक्कळांनी नार्तंगाई मागवली, म्हणजे नारळाएवढं मोठं लिंबू. ते टायरखाली ठेवलं आणि गाडी त्याच्यावर चढलीच नाही, ते पुढे घरंगळत राहिलं आणि गाडी मागून! आता बघ्यांनी अर्धा रस्ता अडवला. बसवाला हॉर्न देतोय, हवालदार येऊन विचारतोय अपघात कुठे झाला, आणि मी सांगतेय, अहो, अपघात होत नाहीये हाच तर त्रास आहे! खरं सांगते, त्या क्षणी मला रडू यायला लागलं. पोरीचा साखरपुडा आणि मी रस्त्यावर फळं पळवतेय!

तेवढ्यात हे म्हणाले, "सांगू का एक?"

"सांगा हो, सांगाच!"

"जुनी चाकं लावू या. ती गोटा झालीयत. त्यांच्याखाली दगडसुद्धा फुटेल."

जुनी चाकं त्यांच्या डिस्कसकट दुकानाच्या भिंतीला टेकून उभी होती, गुळगुळीत, टक्कल पडलेली. मी अत्याकडे बघितलं. अत्या विचार करून म्हणाली, "गाडी हीच ना? मग चालेल."

दुकानातली माणसं धावली. बंदुकीसारखं ते यंत्र घर्रर्र घर्रर्र वाजलं, नवी चाकं खाली, जुनी वर. लिंबं ठेवली. मी गाडी पुढे घेतली. फट्! फट्! फट्! फट्! टपरीवर पुन्हा टाळ्या! हिराअत्या उठली, पदर सावरला आणि राणीसारखी येऊन पुढच्या सीटवर बसली.

"आता परत नवी लावायची ना?" दुकानदारानं विचारलं.

घड्याळ बघितलं. पुन्हा लावली असती तर पुन्हा लिंबं आली असती! "टाका मागे!" मी ओरडले. चंदन-कुंकवासकट, शेवंतीच्या हारांसकट चारही नवे टायर मागे ताटांशेजारी चढले. हे त्यांना धरून मागेच बसले.

ओरत्तनाडूपर्यंत मी अशी चालवली की मागून हे अख्खा रस्ता ब्रेक दाबत असणार. डांबर संपलं, बांध आला. मी पिळ्ळैयारचं नाव घेतलं. गुळगुळीत चाकांनी माझी लाज पूर्वीच्याच जागेपर्यंत राखली. तिथे गाडीनं कंबर हलवली आणि बसली चिखलात. तीच जागा हो! माझ्या मागे देशातले एक नंबरचे टायर हार घालून कोरडे ठणठणीत बसलेत, आणि मी रुतलेली!

घरातून माणसं, वाजंत्रीसुद्धा, धावत आली. "ओझं कमी करा!" कुणीतरी ओरडलं. बायकांनी ताटं डोक्यावर घेतली, पोरांनी टायर उतरवले आणि वाजंत्र्यांच्या मागून घरंगळत नेले. दोघांनी घरातून खुर्ची आणून हिराअत्याला तिच्यात बसवून उचललं. मी चिखलात चप्पल शोधून आत पोचते तो काय! मांडवात अकरा ताटं ओळीनं मांडलेली आणि त्यांच्या शेजारी ओळीनंच, हळदीच्या चौरंगांवर, माझे चार टायर!

"अकरा आणि चार, पंधरा," एक म्हातारी मोजत होती. "विषम आहेत. चांगलं आहे."

मी तोंड उघडलं. पण त्याआधी अनिरुद्धराव उभे राहिले. "साड्या-फळं सगळेच देतात! पण आमचा रस्ता बघून जावयाला टायर देणारी विहीण मी पहिल्यांदा बघतोय!" आता खरं कसं सांगणार, सांगा ना! हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सांगू का ए..."

"नको!" मी म्हटलं.

हरिप्रसाद पुढे आला आणि वाकून माझ्या पाया पडला. "अत्ते, माझीही हीच पिकअप आहे, मागेच घेतली. तुम्हाला माप कसं कळलं?"

पोरगा असा खुलला होता, आणि त्याच्याकडे बघून नित्या अशी हसत होती, की मी खरं सांगायचा विचारच सोडून दिला. "डोळ्यानं माप घेतलं हो जावईबापू!" मी म्हटलं. "ऑल-टेरेन आहेत. झिजायचे नाहीत."

राहुकाळ लागायच्या आत हिराअत्यानं तांबूल दिलं. सगळे जेवले, पायसम दोनदा वाढलं. संध्याकाळी आम्ही निघालो आणि अंगणाच्या बाहेर पडताच पुन्हा रुतलो. पण ह्या वेळी ट्रॅक्टर आला नाही. हरिप्रसादची पिकअप आली. पोरानं दुपारीच चारही टायर चढवले होते! दोर बांधला, गिअर टाकला आणि काय सांगू, एकदासुद्धा चाक घसरलं नाही! चिखल कापत, गुरगुरत त्यानं आम्हाला थेट डांबरापर्यंत ओढत नेलं. मला आनंद झाला, तोंडाला पाणीही सुटलं.

हिराअत्या काचेतून त्या टायरांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस गे वसू? जावयाच्या हाती गेले आणि लगेच वळणावर आले! तुझ्याकडे होते तोवर एक लिंबू फुटत नव्हतं त्यांच्यानं!"